तीन नंबरचं बटन

तहसीलच्या आवारात, निंबाखाली,
भोंग्यातून आकडे आले :
शिट्टी, तीनशे सत्याऐंशी.
कपाट, तीनशे सत्याऐंशी.
मग बाबूनं घसा खाकरला
आणि खालच्या आवाजात म्हणाला, नोटा, एक.

गुलालाची पोती दोन्हीकडं उघडलेली,
मुठी भरलेल्या, हात वर गेलेले,
आणि कोणालाच कळेना
आता ही मूठ ठेवायची कुठं.

फेरमोजणी झाली. यंत्र आपल्या बोलण्यावर ठाम.
साहेबांनी दोन चिठ्ठ्या केल्या,
चहावाल्याचा भाचा बोलावला, पाच वर्षांचा,
भज्याच्या तेलानं बोटं माखलेली.
स्टीलच्या डब्यात हात घालून पोट्टं हसलं,
कोणी आतून गुदगुल्या केल्यासारखं.
निघाली शिट्टी.
रत्नकला ढोक सरपंच झाल्या
तेलाचा डाग पडलेल्या कागदावर.
शेवंता जाधवांनी गर्दीत आपली चप्पल शोधली,
एकच सापडली,
ती हातात घेऊन त्या जीपमध्ये बसल्या.

त्या रात्री बोरखडीत फटाके वाजले अर्ध्या गावात,
आणि उरलेल्या अर्ध्यात एकच प्रश्न :
तो एक कोण?

काय नाही केलं होतं दोन्हीकडच्यांनी!
पुण्याच्या कंपनीतली पोरं गाड्या भरून आणली,
लकवा झालेले किसनजी खुर्चीसकट उचलले,
दोन महिन्यांचं लेकरू घेऊन सासरहून दिपाली आली,
यादीत तिचं नाव अजून माहेरचंच होतं.
मत मोजून, वजन करून, खिशात घातलं होतं त्यांनी.
आणि एक दाणा फटीतून खाली पडला.

मास्तरच असंल, कोणी म्हणालं,
शिकलेल्या माणसाचं पोट साफ नसते.
मास्तरांनी मारुतीच्या पारावर हात ठेवला.
पोस्टमननं लेकीच्या डोक्यावर ठेवला.
काही जण माझ्याकडंही पाहून गेले :
हा दोन्ही पार्ट्यांचं पीठ दळते.

पौष अर्धा सरला. तुरी खळ्यावर आल्या.
एका दुपारी, लाइन यायची वाट पाहत,
गिरजाबाई उईके चक्कीवर बसली होती,
पायली-दीड पायली ज्वारी, फडक्यात बांधलेली.
आम्ही दोघंच. पट्टा गार पडलेला.
ती फडक्याच्या गाठीशी बोलल्यासारखी बोलली :

"रत्नकलेनं मले लुगडं देल्लं, हिरवं.
शेवंतानं देल्लं, तेई हिरवंच.
म्या दोघींचंई घेतलं, बाप्पा, थंडी होती.
आता एकीचं खाऊन दुसरीचं दाबू कसं?
खाली तिसरं बटन दिसलं.
त्याच्याकडून कोणीच आलं नोतं माह्या दारी.
म्हटलं, चाल, याचं काही घेतलं नाही आपुन,
याले देऊन टाकू."

मग बराच वेळ गप्प.
बाहेर कोणाची तरी शेळी चक्कीच्या पायरीवर सांडलेलं पीठ चाटत होती.

"म्या बिघडवलं का रे गावाचं?"

मला सांगता आलं असतं
की एका मताची किंमत काय असते,
मास्तर शाळेत सांगतात तसं.
हेही सांगता आलं असतं
की शेवंताबाईंच्या घरात अजून चूल वेगळी पेटते,
नवऱ्याची वेगळी, त्यांची वेगळी,
कारण नवरा म्हणतो, एक मत कमी पडलं ते तुझंच.

तेवढ्यात लाइन आली.
मी खटका ओढला.
पट्टा फिरला, जातं गरगरलं,
पत्रे थरथरायला लागले, आणि तिचं तोंड हलत राहिलं
पण ऐकू काही आलं नाही.
मलाही नाही, भिंतीलाही नाही.

पीठ तिनं चिमटीत घेऊन पाहिलं,
अंगठ्यानं घासलं, नेहमीसारखं.
तिच्या डाव्या बोटाच्या नखावर
शाईची काळी रेघ
अर्ध्यापर्यंत वर सरकली होती.
होळीपर्यंत ती नखासंगं कापली जाईल.

"जरा जाडं आलं," ती म्हणाली.
मी पैसे घेतले नाहीत.
ती ठेवूनच गेली.